नलावडे काकांचं पहिलं मत

नलावडे काकांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडण एकतर्फी होतं. ते बोलत होते आणि मी ऐकत होते. माझी रेवा तेव्हा दुसरीत होती. तिच्या शाळेच्या तळघरात पोहण्याचा एक छोटा तलाव होता आणि गुरुवारी शेवटचा तास पोहण्याचा असायचा. त्या दिवशी मला ऑफिसात परत पळायचं होतं. रेवा ओल्या केसांनी बाहेर आली, मी तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी ओढली आणि "चल गं लवकर" म्हणत हात धरून निघाले. तोच मागून खणखणीत आवाज आला, "अहो बाई, पोरीला न्युमोनिया करायचाय का?"

मराठी ऐकून मी जागच्या जागी थांबले. जर्मनीतल्या एर्लांगेनजवळच्या त्या लहानशा गावात आम्ही राहायला येऊन चारच महिने झाले होते, आणि आमच्या घराबाहेर कुणी मराठी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. वळून पाहिलं तर सत्तरीचे एक गृहस्थ, अंगात हाताने विणलेला स्वेटर, हातात केस वाळवायचं यंत्र आणि चेहऱ्यावर शाळा तपासनिसाचा राग. त्यांनी रेवाला माझ्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं, भिंतीपाशी उभं केलं आणि तिचे केस वाळवायला घेतले. सात-आठ मिनिटं लागली. मग तिच्या डोक्यावर हळूच टिचकी मारून म्हणाले, "पास!" आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही नापास. पुढच्या गुरुवारी दहा मिनिटं लवकर यायचं."

मला राग आला होता हे कबूल करते. घरी येऊन मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी तावातावाने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे इथंही आपल्याला काका भेटले म्हणायचे." आणि खरंच, पुढच्या गुरुवारी मी दहा मिनिटं लवकर गेले.

शाळेतली सगळी मुलं त्यांना फ्योन-ओपा म्हणत. फ्योन म्हणजे केस वाळवायचं यंत्र आणि ओपा म्हणजे आजोबा. तलावाबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला तशी सहा यंत्रं टांगलेली होती. काकांनी ती सगळी उघडून दुरुस्त केली होती आणि त्यांना नंबर दिले होते. तीन नंबरचं जास्त तापतं, म्हणून ते कुरळ्या केसांच्या मुलांसाठी. पाच नंबरचं आवाज करतं, म्हणून घाबरट मुलांना त्याच्यापाशी न्यायचं नाही. आयुष्यभर त्यांनी एका मोठ्या विजेच्या कंपनीत ट्रान्सफॉर्मरच्या चाचण्या घेतल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचं चाचण्या घेणं थांबलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हात धुतल्यावर त्यांनी आधी आमच्या स्वयंपाकघरातले सगळे प्लग हलवून पाहिले, मग आमटी चाखली आणि दोन्हींबद्दल सारखंच स्पष्ट मत दिलं.

स्वभावाने ते गोड वगैरे नव्हते. वेळेचा हिशेब मिनिटांत मागायचे. फोनवर "बोल" एवढंच म्हणायचे आणि काम संपलं की न सांगता ठेवून द्यायचे. सातारी बोलीत मध्येच "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर' असं ठासून म्हणायची त्यांना सवय होती, पण ते समोरच्याला कमी आणि स्वतःलाच जास्त म्हणत. हाम्बुर्गला राहणारी त्यांची मुलगी मीना त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलायची, ते तिला मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं तासभर कडाक्याचं भांडण व्यवस्थित चालायचं. सही मात्र ते सगळीकडे मराठीतच करायचे. 'दि. रा. नलावडे', खाली एक सरळ रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बँकेनेही म्हणे सुरुवातीला कुरकुर केली आणि मग नाद सोडला.

काकांना पोहता येत नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी हसले होते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मला नाही येत. शालिनीला यायचं."

शालिनीकाकूंना मी पाहिलं नाही. आम्ही इथे यायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. पण काकांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकून मला त्या चांगल्याच माहीत झाल्या. लग्न होऊन त्या इथे आल्या त्या भर जानेवारीत. पहिली काही वर्षं खिडकीत बसून काढली. भाषा येईना, ओळख कुणाशी होईना. मग मीना शाळेत गेली आणि तिच्या वर्गशिक्षिका फ्राउ हेन्नेबेर्ग यांनी काकूंना सांगितलं की सोमवारी संध्याकाळी शाळेच्या तलावात फक्त बायकांचा तास असतो, तिकडे या. काकू पहिल्या दिवशी सलवार-कमीज घालून पाण्यात उतरायला निघाल्या, तेव्हा देखरेखीच्या बाईंनी अडवलं. काकू रडत घरी आल्या. पुढच्या सोमवारी त्या परत गेल्या त्या स्वतः शिवलेला बाह्यांचा आणि झालरीचा पोहण्याचा पोशाख घालून. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्या पाण्यात त्यांना मैत्रिणी मिळाल्या, आणि जर्मनही त्या तिथेच शिकल्या. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी लहान मुलांची पोहण्याची पहिली परीक्षा दिली आणि समुद्रघोड्याचं चित्र असलेला तो केशरी बिल्ला मिळवला. तो त्यांनी स्वेटरच्या आतल्या बाजूला शिवून टाकला. बाहेर लावायची लाज वाटत होती आणि न लावायला जीव होत नव्हता.

"सोमवारी मी इथंच बसायचो, या बाकावर," काका एकदा पॅसेजमध्ये मला म्हणाले. "ती बाहेर आली की तिचे केस मी वाळवायचो. कमरेपर्यंत होते. वीस मिनिटं लागायची. घरी आम्ही फार बोलायचो नाही गं. जे काय बोललो ते इथं, या आवाजात. आल्झो, म्हणजे निम्मं ऐकूच यायचं नाही."

त्यानंतर मी कधी त्यांच्या दहा मिनिटांवरून कटकट केली नाही.

तलाव बंद करायचं पहिल्यांदा निघालं ते रेवा तिसरीत असताना. छत जुनं झालंय, पाण्याचे पंप बदलायला हवेत आणि नगरपालिकेकडे पैसे नाहीत, असं पत्रक आलं. शाळेच्या मुलांनी बसने शेजारच्या गावच्या तलावात जावं, असा तोडगा होता, आणि बससाठीही पैसे नंतर बघू म्हणत होते. फ्राउ हेन्नेबेर्ग तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या, पण त्यांनी कंबर कसली. इथे असा नियम आहे की गावातल्या ठरावीक मतदारांनी सह्या दिल्या तर एखादा प्रश्न थेट लोकांच्या मताला टाकता येतो. ब्युर्गरएन्टशाईड म्हणतात त्याला. काका सह्यांचा कागद घेऊन रोज सकाळी बेकरीसमोर उभे राहू लागले.

सह्या गोळा करतानाही ते चाचणीच घ्यायचे. नाव वाचता येत नसेल तर पुन्हा लिहायला लावायचे. पत्ता अर्धवट असेल तर माणसाला ब्रेड घेऊन जाऊ द्यायचे नाहीत. "सही नीट करा. सही नीट नसली की बाद," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की बेकरीवाली बाई गिऱ्हाइकांना चिडवायला तेच म्हणू लागली. गुढीपाडव्याला आम्ही आसपासची सात-आठ मराठी कुटुंबं जमलो, तेव्हा श्रीखंड वाढायच्या आधी काकांनी तो कागद फिरवला. आम्ही सगळ्यांनी भराभर सह्या केल्या. कुणाच्याही मनात काही आलं नाही. आम्ही इथे राहतो, आमची मुलं या शाळेत जातात, मग सही चालणारच, असं आम्ही धरून चाललो.

नगरपालिकेने तपासून सह्या परत पाठवल्या, त्यात आमची सगळी नावं लाल रेघेने कापलेली होती. सही फक्त मतदाराची चालते, आणि आमच्यापैकी कुणाकडेच जर्मन पासपोर्ट नव्हता. सगळ्यात वरचं कापलेलं नाव होतं दि. रा. नलावडे. छत्तीस वर्षं या गावात राहिलेल्या माणसाकडे भारतीय पासपोर्ट आहे, हे फ्राउ हेन्नेबेर्गनाही ठाऊक नव्हतं.

त्या वेळी तलाव वाचला. बाकीच्या सह्या पाहून नगरपालिकाच बिचकली आणि मतदान न घेता म्हणाली, दोन वर्षं चालू ठेवू, मग बघू. फ्राउ हेन्नेबेर्गनी सगळ्यांना केक वाटला. काकांनी केक खाल्ला नाही. तो कागद समोर धरून ते बसले होते. मी म्हटलं, "काका, जाऊ द्या हो, आमची पण कापलीत." ते म्हणाले, "तुमचं वेगळं. तुम्ही काल आलात. मी बेकरीसमोर उभं राहून लोकांना सांगत होतो, सही नीट करा म्हणून. आणि माझीच खोटी?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज केला.

हे त्यांना किती जड गेलं, ते मी पाहिलंय. जर्मन व्हायचं तर आपला पासपोर्ट सोडावा लागतो, आपल्याकडे दोन चालत नाहीत. मीना वीस वर्षं मागे लागली होती, तरी ते बधले नव्हते. कारण विचारलं तर म्हणायचे, "मुंबईला उतरल्यावर आपल्या माणसांच्या रांगेत उभं राहता येतं, तेवढंच." वडिलांच्या पश्चात, भावांनी जमीन वाटून घेतल्यावर, तेवढंच त्यांचं तिथे उरलं होतं असं मला वाटतं. नागरिकत्वाच्या परीक्षेत त्यांना तेहेतीसपैकी तेहेतीस मिळाले. हातात प्रमाणपत्र आलं, शपथ झाली, आणि मग जुना पासपोर्ट जमा करायला आम्ही दोघं रेल्वेने म्युनिकच्या भारतीय वकिलातीत गेलो. मीनाला सुट्टी नव्हती. खिडकीमागच्या मुलीने पासपोर्टवर शिक्का मारला, कात्रीने त्याचा कोपरा कापला आणि हसून परत दिला. ती तिचं रोजचं काम करत होती. परतीच्या गाडीत इंगोलश्टाट येईपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "कापताना आवाज आला, ऐकलास?"

मी खोटं बोलले नाही. मी म्हटलं, "ऐकला, काका."

"एका तलावासाठी केलं मी हे," ते म्हणाले. "शालिनी असती तर तिनं मला वेड्यात काढलं असतं." आणि बाहेर बघत बसले.

दोन वर्षं सरली आणि नगरपालिकेने तेच पत्रक पुन्हा काढलं. पुन्हा सह्या झाल्या, पुन्हा काका बेकरीसमोर. या खेपेला मतदान ठरलं. जून महिन्यातला रविवार. अट अशी होती की 'हो' म्हणणारे 'नाही'पेक्षा जास्त तर हवेतच, पण गावातल्या एकूण मतदारांपैकी दर पाचांत एकाने तरी 'हो' म्हटलेलं असलं पाहिजे. म्हणजे लोकांना घराबाहेर काढणं हेच खरं काम होतं. काकांनी आमचा भाग जिना जिना करून पिंजून काढला. मतदानाचं कार्ड त्यांना आलं तेव्हा ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्यांनी मला आणून दाखवलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात ते कधीच मत देऊ शकले नव्हते. भारत सोडला तेव्हा तिथलं मतदानाचं वय झालं नव्हतं. तेव्हा एकवीस लागायचं आणि काका विसाव्या वर्षीच शिकायला बाहेर पडले होते. इथे आल्यावर हक्क नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, मंदारलाही नाही.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी काकांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. माइक बंद करून मी फोन उचलला. ते म्हणाले, "बोल. त्या मतपत्रिकेवर सही कुठं करायची असते? नमुना छापलाय पेपरात, त्यात सहीची जागाच दिसत नाही. चौकोनाच्या खाली करू का बाजूला?" माझं निम्मं लक्ष समोरच्या स्क्रीनवर होतं. मला वाटलं, म्हातारबुवा नेहमीसारखे बारीकसारीक काढताहेत. मी हसून म्हटलं, "काका, या देशात शिंक आली तरी सही लागते. द्या ठोकून कुठंही!" त्यांनी नेहमीसारखा न सांगता फोन ठेवला.

मीही कधी मत दिलेलं नव्हतं. पुण्यात दोनदा निवडणूक आली तेव्हा दोन्ही वेळा मी सहलीला गेले होते. पण तेवढं तर कुणालाही कळतं. मतावर नाव घालायचं नसतं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. मी विचार करून बोलले असते तर मलाही आठवलं असतं.

रविवारी कडक ऊन पडलं होतं. गाव तळ्यांवर आणि बिअरच्या बागांत गेलं होतं. काका सकाळी आठाला, दार उघडता उघडताच, शाळेच्या व्यायामशाळेत मत देऊन आले. अंगात कोट होता. मग दिवसभर लोकांना फोन करत राहिले. संध्याकाळी सहाला मोजणी सुरू झाली. इथे मोजणी कुणीही जाऊन बघू शकतं. काका दमले होते, म्हणून म्हणाले, "तू जा, बघून ये आणि मला सांग." मी गेले. दोरीच्या मागे आम्ही पाचसहा जण उभे होतो.

टेबलावर कागदांचे दोन ढीग वाढत होते आणि शंकास्पद कागद वेगळे ठेवत होते. शेवटी प्रमुख बाईंनी ते वेगळे कागद एकेक करून वर धरले. एक कोरा होता. एकावर कुणीतरी शिवी लिहिली होती. मग तिसरा वर आला. 'हो'च्या चौकोनात पट्टीने काढावी तशी फुली होती. आणि तिच्या खाली, ठसठशीत निळ्या शाईत, अक्षरं, अक्षरांखाली सरळ रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

"हे काय? संगीताची लिपी आहे का?" एका तरुण माणसाने विचारलं, आणि टेबलापाशी सगळे थकून हसले. वाईट हसले नाहीत. प्रमुख बाई म्हणाल्या, "काहीही असो, खूण आहे. बाद." हात वर झाले. कागद तिसऱ्या ढिगात गेला.

मी ओरडले नाही. ओरडून करणार काय होते? सही आहे म्हणूनच तो कागद बाद होता, ती कुणाची ते सांगून तो वैध होणार नव्हता. कोपरा कापलेला तो पासपोर्ट, इंगोलश्टाटपर्यंतची ती शांतता, बेकरीसमोरच्या त्या सगळ्या सकाळी, हे सगळं माझ्या एका थिल्लर वाक्याने त्या ढिगात जाऊन पडलं होतं.

निकाल साडेसातला लागला. 'हो' म्हणणारे 'नाही'पेक्षा कितीतरी जास्त होते, पण पाचांत एक भरले नाहीत. थोडक्यात गेलं. काकांच्या एका मताने काही फरक पडला नसता, हे मी स्वतःला त्या रात्री आणि नंतरही पुष्कळदा सांगितलं आहे. त्याने मला काडीचंही बरं वाटलेलं नाही.

काकांना फोन केला. "गेला," मी म्हटलं. "लोकच आले नाहीत, काका." त्यांनी मला 'हो'चा आकडा सांगायला लावला. मग विचारलं, "माझं मोजलं ना?"

मी म्हटलं, "हो, काका. मोजलं."

"गेनाऊ," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तलावातलं पाणी काढलं. सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा तळघराच्या दाराला कुलूप होतं आणि पॅसेजमधली यंत्रं काढून नेलेली होती. मुलं काही दिवस फ्योन-ओपांबद्दल विचारत राहिली. काका त्या बाजूला फिरकले नाहीत. गुरुवारी त्या वेळेला ते काय करतात असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घड्याळ बघतो." मुंबईलाही ते पुन्हा गेले नाहीत. फेब्रुवारीत एका सकाळी मीनाचा फोन आला. झोपेतच गेले होते.

त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नोव्हेंबरात, राटहाउस म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोरच्या बसथांब्यावर. खूप वाळले होते. मी सायकलवरून उतरले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण माझ्यासमोर उलगडलं. निकालाची बातमी होती. 'हो'च्या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलने बारीक रेघ ओढली होती.

"हे बघ," ते म्हणाले. "हरलो ते हरलो. पण ह्या आकड्यात मी आहे. हा शेवटचा एक माझा, असं धरायला हरकत नाही ना?"

"काही हरकत नाही, काका," मी म्हटलं.

त्यांनी कात्रणाची पुन्हा तशीच घडी घातली, पाकिटात ठेवलं आणि पाकीट आत गेल्यावर वरून कोट दोनदा चापटला. बस आली. चढताना त्यांनी माझा हात धरला नाही, दांडी धरली. खिडकीशी बसून त्यांनी मला हात केला, चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं इतकं समाधान होतं. त्या आकड्यात ते नव्हते. हे साऱ्या गावात मला एकटीला माहीत होतं, आणि मी हसून हात हलवत उभी राहिले.